सीमेवर जन्मणारा लहान मेंदू

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या खळगीच्या जरा वर हात ठेवून पाहा. त्या हाडाच्या आत, मुठीपेक्षा लहान, घड्या घातलेल्या लुगड्यासारखा एक अवयव आहे. शाळेच्या मराठी पुस्तकात त्याचं नाव ‘अनुमस्तिष्क’ आणि कन्नड पुस्तकातही ‘अनुमस्तिष्क’च. आपल्याकडे एकाच घरात मोठा मुलगा मराठी माध्यमात आणि धाकटी कन्नड माध्यमात असते. एवढा एक शब्द तरी त्या दोघांना वेगवेगळा पाठ करावा लागत नाही! घरात बोलायचं तर आपण त्याला लहान मेंदू म्हणू.

नावानं लहान, वजनानंही लहान. मोठ्या माणसात साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे एकूण मेंदूच्या दहाव्या भागाइतका. पण २००९ साली ब्राझीलच्या संशोधकांनी मेंदूतल्या पेशी नव्या पद्धतीनं मोजल्या, तेव्हा एकूण सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटींच्या आसपास या दहाव्या भागातच निघाल्या. भाकरी थापताना दोन्ही हातांचा मेळ बसतो, सायकलवर तोल राहतो, बोलताना शब्द लडखडत नाहीत, अंधारातही घास तोंडातच जातो, यामागे याच पेशींचं काम आहे. अलीकडे विचार आणि भावना यांच्या नियमनातही त्याचा वाटा असल्याचं दिसून आलं आहे. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आमच्या पुस्तकांत एकेकाळी चार ओळींत संपणारा हा अवयव आता वेगळं प्रकरण मागू लागला आहे.

आज मात्र तो काय करतो यापेक्षा तो घडतो कसा, हे सांगायचं आहे. कारण त्याच्या घडण्यात आपल्या भागातल्या घराघरांशी संबंध असलेली एक गोष्ट दडलेली आहे.

गर्भ चार आठवड्यांचा असताना मेंदू म्हणजे नुसती एक नळी असते. या नळीचा पुढचा आणि मधला भाग आपल्या ताब्यात ठेवणारं एक जनुक आहे, त्याला ‘ओटीएक्स-२’ म्हणतात. मागचा भाग ‘जीबीएक्स-२’ या दुसऱ्या जनुकाच्या अमलाखाली असतो. दोघं एकमेकांना आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत. एक जिथं जागं असेल तिथं दुसऱ्याला ते गप्प बसवतं. या रेटारेटीतून मधोमध एक रेषा ठरते. गंमत पुढेच आहे. ही रेषा ओसाड राहत नाही. तिथल्या पेशी ‘एफजीएफ-८’ नावाचं प्रथिन सोडू लागतात, आणि त्याच्या सांगाव्यानुसार रेषेच्या पुढच्या बाजूला मध्यमेंदू आणि मागच्या बाजूला लहान मेंदू आकार घेऊ लागतो. १९९६ साली संशोधकांनी कोंबडीच्या गर्भात हे प्रथिन लावलेला बारीक मणी मुद्दाम भलत्या जागी, पुढच्या मेंदूच्या मागच्या भागात ठेवला. तर तिथं मध्यमेंदूसारखी रचना उगवली! म्हणजे हुकूम त्या रेषेवरून सुटतो, हे सिद्ध झालं. दोन सत्तांच्या सीमेवर काही वेगळं आणि कामाचं उपजू शकतं, हे आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

जागा ठरली की पेशी तयार करायला दोन स्वतंत्र खोल्या उघडतात. आतल्या खोलीत ‘पुर्किन्ये’ पेशी तयार होतात. यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञानं १८३७ साली प्राग इथं त्या प्रथम जगासमोर ठेवल्या, म्हणून त्यांचं नाव त्यांना मिळालं. पसरलेल्या फांद्यांच्या झाडासारख्या दिसणाऱ्या या एकेका पेशीकडे एक लाखाहून अधिक जोडण्यांतून निरोप येतात. दुसरी खोली मागच्या कडेला, तिला ओठासारख्या आकारावरून नाव मिळालं आहे. तिथं ‘एटीओएच-१’ हे जनुक कामाला लागतं आणि कणिका पेशींच्या आद्य पेशी तयार होतात. मघाशी सांगितलेले ६,९०० कोटी आले ते मुख्यतः यांच्यामुळे. या आद्य पेशी आधी लहान मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतात, तिथं थर करून भराभर दुणावत जातात, आणि मग एकेक करून आत उतरतात. उतरण्यासाठी आधारपेशींचे लांब धागे असतात. विहिरीत दोराला धरून उतरावं तशा त्या उतरतात आणि पुर्किन्ये पेशींच्या खाली जाऊन स्थिरावतात.

वरच्या थराला ‘वाढा, दुणावा’ हा निरोप कोण देतं? खालच्या पुर्किन्ये पेशीच देतात. त्यांच्या निरोपाच्या प्रथिनाचं नाव ऐकून मुलं हसतील: ‘सॉनिक हेजहॉग’. व्हिडिओ गेममधल्या निळ्या साळिंदरासारख्या प्राण्याचं नाव शास्त्रज्ञांनी जनुकाला देऊन टाकलं. निरोप कमी पडला तर लहान मेंदू खुरटतो. थांबायची वेळ झाल्यावरही निरोप चालूच राहिला, तर त्याच आद्य पेशींतून लहान मुलांमधला मेड्युलोब्लास्टोमा हा कर्करोग उद्भवू शकतो. वाढीइतकंच वेळेवर थांबणंही महत्त्वाचं असतं.

हे सगळं नऊ महिन्यांत आटोपत नाही. मेंदूचे इतर भाग बरेचसे तयार असताना लहान मेंदूचं काम ऐन रंगात आलेलं असतं. गर्भाच्या २४व्या आठवड्यापासून ४०व्या आठवड्यापर्यंत त्याचं आकारमान सुमारे पाचपट होतं. पृष्ठभागावरचा तो थर जन्मानंतरही टिकून असतो. बाळ वर्षाचं होण्याच्या सुमारास तो रिकामा होत जातो. बाळाची मान धरणं, उपडं वळणं, बसणं, रांगणं आणि भिंतीला धरून पहिलं पाऊल टाकणं हे सारं याच वर्षात येतं, हा निव्वळ योगायोग नव्हे.

म्हणूनच सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत लहान मेंदूकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की वेळेआधी जन्मून गर्भाशयाबाहेर वाढलेल्या बाळांत तो वरचा थर पातळ राहतो आणि पुर्किन्ये पेशींकडून सुटणारा हेजहॉगचा निरोपही कमी पडतो. अशा बाळांपैकी पुष्कळ जण पुढं अगदी छान वाढतात. पण त्यांचं वय जन्मतारखेपासून न मोजता प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावं आणि बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या तपासण्या चुकवू नयेत. ‘आपल्या घरात सगळी मुलं उशिराच चालतात’ म्हणून आजी धीर देते ते मायेनंच. तरी तारखेला दवाखान्यात जावं.

आता जनुकांकडे वळते.

१९६९ साली कॅनडातल्या माँट्रियल इथं मारी ज्युबेर या डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका फ्रेंच-कॅनेडियन घरातल्या चार भावंडांची हकिगत प्रसिद्ध केली. ही मुलं मधूनच धापा टाकल्यासारखा भराभर श्वास घेत, त्यांचे डोळे विचित्र हलत, अंग ढिलं आणि तोल नाही. लहान मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा मधला पट्टाच त्यांच्यात नीट तयार झालेला नव्हता. आईवडिलांची वंशावळ मागं नेली तेव्हा ती अनेक पिढ्यांपूर्वीच्या एकाच पूर्वजाशी जाऊन मिळाली. या आजाराला पुढं ‘ज्युबेर सिंड्रोम’ असं नाव पडलं. एमआरआयच्या चित्रात या ठिकाणी दाढेसारखा आकार दिसतो, त्यावरून आज तो ओळखतात.

याचं मूळ शोधताना शास्त्रज्ञ एका अनपेक्षित जागी पोहोचले. आपल्या बहुतेक पेशींवर केसासारखा एक सूक्ष्म तंतू असतो. हेजहॉगसारखे निरोप पेशीला मिळतात ते या तंतूच्या मार्फत. टीव्हीचा अँटेना म्हणा ना. २००४ साली या आजाराचं पहिलं जनुक सापडलं आणि आज अशी तिसाहून अधिक जनुकं माहीत आहेत. त्यांतली जवळजवळ सगळी या अँटेनाच्या घडणीशी किंवा कामाशी निगडित आहेत. असेच तंतू डोळ्याच्या पडद्यात आणि मूत्रपिंडातही असतात, म्हणून यातल्या काही मुलांची दृष्टी, मूत्रपिंड किंवा यकृत पुढं बिघडतं. अशा मुलांची दर काही काळानं तपासणी करावी लागते ती त्यासाठी.

हा आजार विरळा आहे. साधारण ८० हजार ते एक लाख जन्मांत एक असा अंदाज दिला जातो. मग त्यावर एवढं का लिहायचं? कारण तो ज्या रीतीनं उतरतो, ती रीत आपल्या भागात महत्त्वाची आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ज्युबेरच्या बहुतेक प्रकारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं. अशा माणसाला वाहक म्हणतात आणि त्याला कसलाही त्रास नसतो. आजार होतो तो बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळाल्या तरच. परक्या दोन घराण्यांतल्या माणसांकडे नेमका एकाच जनुकाचा बिघाड असणं दुर्मीळ. पण दोघांचे आजी-आजोबा एकच असतील तर?

आपल्याकडे मामाची मुलगी करणं मराठी घरांत आहे आणि कन्नड घरांत तर ‘सोदरमाव’ म्हणजे सख्ख्या मामाशीच ‘अक्कन मगळु’चं लग्न लावण्याची चाल पुष्कळ समाजांत आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं मामा-भाचीचं नातं निषिद्ध मानलं, पण जिथं रूढी असेल तिथं मुभा ठेवली. यामागं कारणंही आहेत. मुलगी ओळखीच्या घरात पडते, सासू म्हणजे आपलीच आजी, जमीन तुटत नाही, देण्याघेण्याचा वाद नाही. मी या चालीला हसणारी नाही. फक्त हिशेब मांडते. समजा, आजीकडे एखाद्या जनुकाची एक बिघडलेली प्रत आहे. तिच्या नातवंडांनी, म्हणजे आते-मामे भावंडांनी एकमेकांशी लग्न केलं, तर त्या बिघाडाच्या दोन्ही प्रती बाळाकडे जमण्याची शक्यता ६४ त १. आणि तिच्या मुलानं तिच्या नातीशी, म्हणजे मामानं भाचीशी लग्न केलं, तर ३२ त १. नात्यातल्या लग्नांतली बहुतेक मुलं निरोगीच असतात, हे इथं ठासून सांगायला हवं. सर्वसाधारण जोडप्यात बाळाला गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन असते. सख्ख्या आते-मामे भावंडांत ती आणखी साधारण तेवढीच वाढते. ज्या घरात एक मूल आधीच आजारी आहे, तिथं मात्र हिशेब अगदी बदलतो.

पदवीच्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी मध्यंतरी तास संपल्यावर थांबली. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) तिची अक्का सख्ख्या मामाला दिलेली. त्यांची मुलगी अडीच वर्षांची, अजून आधाराशिवाय बसत नाही. डॉक्टरांनी कागदावर ‘ज्युबेर’ लिहून दिलं होतं. आणि आता आजीची इच्छा, की हिनं धाकट्या मामाशी लग्न करावं. दोघी बहिणी एका घरात राहतील, त्या मुलीला सांभाळायला अक्काला हक्काचं माणूस मिळेल. “मॅडम, आजीला नाही कसं म्हणू? आणि हो म्हणायलाही भीती वाटते,” एवढंच ती म्हणाली.

कागद घेऊन आम्ही हिशेब मांडला. आजाराचा प्रकार नेहमीचाच धरला, तर तिची अक्का आणि थोरला मामा दोघंही वाहक असणार. म्हणजे तो बिघाड आजी किंवा आजोबांपैकी एकाकडून आला आणि तिच्या आईतही उतरला. मग धाकट्या मामाकडे तो असण्याची शक्यता निम्मी, हिच्याकडे असण्याचीही निम्मी. दोघंही वाहक असण्याची चारात एक. आणि दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी बाळाची शक्यता पुन्हा चारात एक. एकूण १६ त १. कुठं लाखात एक आणि कुठं सोळात एक!

पण हा आकडा म्हणजे निकाल नव्हे. आधी आजारी मुलीच्या रक्ताच्या तपासणीतून नेमकं जनुक आणि नेमका बिघाड शोधायचा. तो सापडला, की या दोघांच्या रक्तात तेवढंच पाहायचं. दोघांपैकी एक जरी वाहक नसला तर त्या आजाराची काळजी जवळजवळ मिटली. दोघंही वाहक निघाले तर चारात एकचा धोका डोळ्यांपुढं ठेवून निर्णय घेता येतो. हे काम माझ्यासारख्या प्राध्यापिकेचं नाही, अनुवंशशास्त्राच्या तज्ज्ञांचं आहे. बंगळूरचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स आणि हैदराबादचं सीडीएफडी या संस्था याच विषयात काम करतात. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोग विभागात विचारलं, तर पुढचा रस्ता तिथूनही दाखवतात.

ती पुढं म्हणाली ते मला जास्त लागलं. गेली दोन वर्षं घरात अक्काला बोल लावले जात होते. पाचव्या महिन्यात ग्रहण होतं आणि हिनं विळीवर भाजी चिरली, म्हणून बाळ असं झालं! ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईनं काही चिरू नये, हे मराठी आज्याही सांगतात आणि कन्नड आज्याही. मी तिला म्हटलं, अक्काला एवढं नक्की सांग. त्या बाळाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती ठरल्या त्या गर्भ राहिला त्या क्षणी. आपल्याला दिवस गेलेत हे अक्काला कळायच्याही आधी. त्यानंतरच्या कुठल्याही ग्रहणानं, विळीनं, पपईनं किंवा जिन्यावरून उतरण्यानं त्यातलं एक अक्षरही बदललेलं नाही. आणि एक प्रत अक्काकडून आली तशीच दुसरी मामाकडून आली. दोघांनाही ती वाडवडिलांकडून न मागता मिळाली होती. यात दोष कुणाचाच नाही, एकट्या बाईचा तर मुळीच नाही.

रक्ताचे अहवाल काय आले आणि त्या घरानं काय ठरवलं, हे सांगण्याचा अधिकार त्यांचा. एवढं सांगते, की आजी स्वतः तज्ज्ञांकडे गेली होती आणि कागदावरचे चौकोन-वर्तुळं बोट ठेवून समजून घेत होती.

वाचकांसाठी चार गोष्टी. घरात लहान मेंदूचा किंवा दुसरा कुठला अनुवंशिक आजार असलेलं मूल असेल, तर पुढच्या बाळंतपणाआधी किंवा नात्यातलं पुढचं लग्न ठरवण्याआधी सल्ला घ्या. साखरपुडा झाल्यावर ही गोष्ट काढणं फार अवघड जातं. घरातला बिघाड नेमका माहीत असेल, तर गर्भाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत किंवा १६ आठवड्यांनंतर नोंदणीकृत केंद्रात कायदेशीरपणे करता येते. ती आजारासाठीच असते. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

दुसरं, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात लहान मेंदूची रुंदी लिहिलेली असते. १४ ते २० आठवड्यांच्या दरम्यान जितके आठवडे, साधारण तितके मिलिमीटर ती भरते. मधला पट्टा मात्र १८ आठवड्यांपूर्वी पुरता मिटलेला नसतो, त्यामुळं फार लवकरच्या सोनोग्राफीत तो अपुरा दिसला तर लगेच हाय खाऊ नये. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासून घ्यावं.

तिसरं, चार-पाच महिन्यांचं होऊनही बाळ मान धरत नसेल, डोळे सतत फिरत किंवा थरथरत असतील, मधूनच धाप लागल्यासारखा श्वास होत असेल, तर ‘धरेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. ज्युबेरवर मुळापासून इलाज नाही, पण व्यायामोपचार, वाचोपचार आणि डोळे-मूत्रपिंडांची वेळच्या वेळी तपासणी यांनी पुष्कळ फरक पडतो. यातली बरीच मुलं उशिरा का होईना, चालू-बोलू लागतात.

आणि चौथं, अशा मुलाच्या आईला पुढच्या वेळी भेटाल तेव्हा गरोदरपणात काय खाल्लं, काय चिरलं हे विचारू नका. मुलाला तासभर तुमच्याकडे ठेवून घ्या आणि तिला जरा पडू द्या.